न पटणारी बाजू

साउथहॅम्प्टनच्या शाळेत शिकतानाच सुप्रभा युनिव्हर्सिटीचा लेखनाचा कोर्स करत होती. स्वतःला न पटणारी बाजू वाचणाऱ्याच्या गळी उतरवायची, असा निबंध होता. तिने लिहिलं, परीक्षेच्या तोंडावर मुलांपासून मृत्यूची बातमी लपवणं हीच खरी माया.

बाबांना त्यांची आई गेल्याचं असंच एमबीबीएसची परीक्षा संपल्यावर कळलं होतं. त्या रीतीची बापलेकींना सारखीच चीड होती. निबंधाला ‘ए’ मिळाला.

जूनमध्ये ए-लेव्हल या तिथल्या बारावीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन ती घरी आली, तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला.

“मिरजेचे आजोबा गेले. काल तेरावा झाला.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“सांगायला जिन्यापर्यंत आलो होतो गं,” बाबा म्हणाले. “मग तुझा निबंध पुन्हा वाचला.”