झाड इकडे होतं

मी एक जुनी आगगाडी आहे. हातभर लांबीची, फळीवर ठेवून दिलेली. मित्रांनो, माझा बॉयलर म्हणजे तेलाचा डबा आणि पोटात मोटारीच्या वायपरची मोटर. मला आजोबांनी घडवलं. गिरणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या एका छोट्या रेल्वेमार्गावर ते ड्रायव्हर होते. तो मार्ग केव्हाच बंद पडला, रूळही भंगारात गेले. म्हणून निवृत्तीनंतर आजोबांनी तो परसात पुन्हा उभारला. लोखंडी पट्ट्यांचे रूळ, फळांच्या खोक्यांच्या फळ्यांचे स्लीपर आणि मधोमध एक थांबा.

खऱ्या मार्गावरच्या त्या थांब्यावर कुणी छत्री उघडून धरली, तरच गाडी थांबायची. तरुणपणी आजी तिथूनच गिरणीच्या दवाखान्यात कामाला जायची. त्या छत्रीपायीच दोघांचं जमलं. आता आजीने पुन्हा एकदा छत्री उघडावी आणि मी थांबावं, एवढीच आजोबांची इच्छा होती.

पण खऱ्या थांब्याजवळ एक झाड होतं, त्याच्या जागी आजोबांनी छाटून बुटकं ठेवलेलं डाळिंबाचं रोप लावलं, तेही रुळांच्या पलीकडे.

"अहो, झाड इकडे होतं. थांब्याच्या बाजूला," आजी म्हणाली.

"उगाच काहीतरी! उभं आयुष्य गेलं माझं त्या रुळांवर."

"आणि मी त्या झाडाखाली उभी राहायचे. सावली माझ्या डोक्यावर होती की तुमच्या?"

"अगं, मी समोर बघून गाडी चालवायचो."

"समोर? मग मी कशी दिसले?"

आजोबा हसले, पण हटले नाहीत.

"झाड इकडे आणा, मग उघडते छत्री," म्हणत आजी आत गेली.

मी रोज धावायचे. शेजारीपाजारी कौतुक करायचे. आजी मागच्या दारात तांदूळ निवडत बसायची, छत्री खुंटीवर. मी थांब्यापाशी आले की ती गालात हसून म्हणायची, "जाऊ द्या पुढे."

एके सकाळी तिला इस्पितळात नेलं. ती परत आली नाही.

पुढे एका भर दुपारी आजोबा कुदळ घेऊन आले. त्यांनी रोप उपटून थांब्याच्या बाजूला लावलं. आजीची छत्री उघडून शेजारी रोवली आणि मला सोडलं. थांब्यावर मला थांबवून ते कितीतरी वेळ उभे होते.

"आणलं बघ इकडे," ते म्हणाले. "बस आता गाडीत."

रोप वाळून गेलं. भर उन्हात रोप हलवू नये, हे त्या घरात फक्त आजीला ठाऊक होतं.

त्यानंतर मी धावले नाही. चाकं गंजली, रुळांवर गवत माजलं. पण ती वाळकी काडी आजोबा कुणाला उपटू देत नाहीत. रोज तिला तांब्याभर पाणी घालतात.

मित्रांनो, माझ्या चाकांना कुणी तेलाचा थेंब दिला तर बरंच वाटेल. नाही दिला तरी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, "झाड इकडे होतं," तर त्याच दिवशी कुदळ घ्या. फक्त ऊन उतरू द्या.