शिंपीकाकांची डुलकी आणि मी

मित्रांनो, मी एक जुने बुद्धिबळाचे घड्याळ आहे. एकाच लाकडी पेटीत मला दोन तोंडे आहेत. खेळाडूने चाल करून आपल्याकडची कळ दाबली, की त्याच्या बाजूचे तोंड गप्प बसते आणि समोरच्याचे टिकटिकू लागते. देवाने तोंडे दोन दिली, पण एकदम बोलू दिली नाहीत. म्हणूनच माझ्या घरात भांडण नाही!

एका सुताराने आणि एका घड्याळजीने मिळून मला घडवले. वीस वर्षे प्रत्येक स्पर्धेत पहिल्या पटाशेजारी माझा मान होता. मग बॅटरीची घड्याळे आली आणि मी मंडळाच्या कपाटात, रिकाम्या बरण्यांमागे गेलो.

मागच्या वर्षी ज्येष्ठांच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीला एका घड्याळाची बॅटरी संपली. चिटणीसांनी घाईघाईने मला काढले. डाव्या बाजूला भरपूर चावी दिली, उजवीला जेमतेम दोन पिळे.

डावीकडे बसले शिंपीकाका. सलग सहा वर्षे दुसरे आलेले. आज जिंकले तरच चषक त्यांचा. उजवीकडे निवृत्त नर्सबाई. काकांचे एक प्यादे जास्त होते. बाई विचारात बुडाल्या, आणि माझा उजवा काटा थांबला हो! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बऱ्याच वेळाने काकांच्या ते लक्षात आले. त्यांनी पंचांना हाक मारली.

"बाईंची सातच मिनिटं उरलीत," पंच म्हणाले. "हे बंद पडून किती वेळ झाला, काका? तुम्ही सांगाल तेवढा कापतो."

'आठ मिनिटे' म्हटले, की बाईंची वेळ संपून डाव काकांचा आणि चषक हातात! काकांनी चषकाकडे पाहिले, टक्कल खाजवले.

"काय सांगू? मला डुलकी लागली होती."

"डुलकी? चांगले घोरत होतात!" बाई म्हणाल्या.

"मग उठवायचं नाही का हो?"

"झोपलेल्याला उगाच उठवू नये. चाळीस वर्षांची सवय आहे माझी!"

हशा पिकला. मला चावी मिळाली, बाईंना त्यांची सात मिनिटे. बाईंच्या वजिराने मग असे शहामागून शह दिले, की काकांचा राजा त्याच दोन घरांत येरझारा घालून दमला. डाव बरोबरीत सुटला. चषक तिसऱ्याच आजोबांनी नेला.

"आठ म्हणालो असतो ना बाई, तर तो चषक रोज माझ्यावर डोळे वटारून बसला असता," काका म्हणाले.

जिभेवर आलेले खोटे जो गिळतो, त्याला देव गाढ झोप देतो. काकांना तर भर दुपारीसुद्धा!

काकांनी चिटणीसांकडून मला मागून घेतले; आता मी त्यांच्या घरी असतो. शिलाई मशीनचे तेल पिऊन दोन्ही तोंडे टुणटुणीत झाली आहेत. दर गुरुवारी बाई खेळायला येतात. मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना कपाटात ठेवून मान देऊ नका. कामाला लावा. फक्त त्याआधी पोटभर खाऊ घाला.