तिसरी क्लचप्लेट

आठ महिन्यांत तिसरी क्लचप्लेट! उखा मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली घेतला, प्लेट बाहेर काढली आणि कपाळावर हात मारला. अस्तर जळून पार रिव्हेटपर्यंत उतरलेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग. एवढ्याशा वापरात प्लेट चार-पाच वर्षं सहज काढते, आणि इथे तीन महिन्यांत राख. बरं, माल खोटा म्हणावा, तर तसल्याच प्लेटा त्याने आणखी दोन जीपांना बसवल्या होत्या आणि त्या मजेत पळत होत्या.

जीप ब्राह्मणपुरीच्या रतिलालबापू पाटलांची. वय त्र्याहत्तर, केळीचे नि उसाचे मळे, पण बापूंची खरी ओळख ही जीप. गेल्या तीस वर्षांत गावातली जी पोरगी सासरी गेली ती याच जीपमधून, आणि चाक बापूंच्या हाती. "पोरीले बापूनी सोडं" हे वाक्य तिकडे आशीर्वादासारखं म्हणत. येत्या रविवारी त्यांच्या सख्ख्या नातीची, दामिनीची पाठवणी होती. सासर तापीच्या पुलापलीकडे.

आणि ह्याच बापूंनी दूध डेअरीच्या ओट्यावर बसून चारचौघांत सांगितलं होतं, की उखा नकली माल घालतो. लोणखेड्याच्या रस्त्यावर बावीस वर्षं उखाचं गॅरेज. कुणाचा साधा नटबोल्ट त्याने कधी बदलून ठेवला नव्हता. त्या एका वाक्यानंतर ब्राह्मणपुरीच्या गाड्या त्याच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागल्या. बायको रंजनाबाई म्हणायची, "जाऊ द्या ना." कसं जाऊ द्यायचं? मिस्त्रीजवळ नावाशिवाय दुसरं असतं काय?

म्हणून या वेळी त्याने नवी प्लेट बसवली आणि बापूंना बोलावून घेतलं. "बापू, गाडी तुम्ही चालवा. मी बाजूले बठस."

"परीक्षा लेस का मन्ही? तू चड्डीमा व्हता तवयपासून गाडी हाकस मी!" बापू हसत चढले.

आणि खरंच, हात काय होता म्हाताऱ्याचा! गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. उखाला वाटलं, उगाच संशय घेतला आपण. गाडी चौथ्या गिअरमध्ये सरळ रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना ऊस, आणि थोड्या वेळाने तो ओळखीचा करपट वास आला. उखाने वाकून खाली पाहिलं. बापूंचा डावा पाय क्लचवरच होता. पेडल चांगलं दोन बोटं दबलेलं, म्हणजे प्लेट सारखी घासून जळत होती.

"बापू, डावा पाय कोठे शे तुमना?"

"कोठे म्हणजे? खाले शे, जमिनवर."

थट्टा करतात की काय, म्हणून उखाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्याने पायाशी पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बापूंच्या डाव्या टाचेला हळूच टोचला. बापू समोर बघत गाडी चालवत राहिले.

"गाडी थांबाडा, बापू."

निंबाखाली गाडी उभी राहिली. बापूंनी खाली वाकून पाहिलं, पाय पेडलवर दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो पाय उचलून मांडीवर घेतला, चप्पल काढली. अंगठ्याखाली जळाल्याची काळी जखम होती.

"हिवाळामा शेकोटीवर पडना पाय. वास उना तवय समजनं माले," बापू म्हणाले. "डॉक्टर सांगस, कमरनी नस दबायनी. घरमा कोणलेच माहीत नही."

"मंग माले कसाले बदनाम करं?"

बापूंनी पाय मांडीवरून खाली ठेवला. "पहिले खरंच वाटनं, तुन्हा माल खराब शे. मंग शेकोटीनंतर समजनं. तरी बोलनू नही."

उखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं वाटलं, याच जीपमधून डेअरीवर जावं, म्हाताऱ्याला ओट्यावर उभं करावं आणि सगळ्यांसमोर टाचेला स्क्रूड्रायव्हर लावून दाखवावा. बघा म्हणावं, नकली काय आहे ते!

तेवढ्यात बापूंनी हात जोडले. उभ्या जन्मात ज्या माणसाने कुणापुढे मान लववली नव्हती, त्याने उखा मिस्त्रीपुढे हात जोडले. "रविवार व्हई जाऊ दे. दामिनीले पूलपार मीच लई जासु. तिले शबद देल शे. मंग चावी तुले देसु."

उखाचा राग तिथेच विरला आणि त्या जागी भीती आली. तापीचा पूल, मागे नवरी, आणि चालवणाऱ्याला आपला पाय कुठे आहे ते ठाऊक नाही. "नही, बापू. आज नही आनि रविवारे बी नही. चावी द्या."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण बापूंनी चावी काढून दिली. "कोणले सांगू नको," एवढंच म्हणाले. उखाने मान हलवली. आपलं नाव आता कायमचं गेलं, हे त्याला मान हलवतानाच कळलं होतं.

रविवारी दुपारी झेंडूच्या माळा घातलेली जीप उखाने स्वतः मांडवासमोर आणली आणि चाक सोडून उतरला नाही. दामिनीचा बाप हेमकांत पुढे आला. "उतर उखा. गाडी बापू चालवतीन."

"नही, हेमकांतभाऊ. मीच चालवसु."

"तीन प्लेटा जाळ्यात तू, आनि वरतून हाऊ रुबाब?" हेमकांत ओरडला. वऱ्हाडी जमले. डेअरीच्या ओट्यावरचेही सगळे होतेच.

खरं ते उखाच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने बापूंकडे पाहिलं. ते नवी टोपी घालून मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. "हा भाऊ, मन्हीच चूक शे. काम आजून कच्चं शे, म्हनीसन मीच चालवसु."

बापूंनी खांब सोडला. डाव्या पायाकडे बघत, एकेक पाऊल टाकत ते जीपपाशी आले.

"त्यानी काय चूक नही," ते मोठ्याने म्हणाले. "तिन्ही प्लेटा मन्हा पायनी जाळ्यात. पाय मरी गया मन्हा, आनि मी लपाडत ऱ्हायनू. डेअरीवर ह्या मानूसनं नाव खराब करं, ते बी मीच."

सनई वाजवणारासुद्धा थांबला. उखाला हवं होतं ते मिळालं होतं, चारचौघांत, आणि त्याला रडू आवरेना. दामिनी पुढे आली, वाकली, आणि तिने बापूंच्या त्याच डाव्या पायावर हात ठेवला. बापूंना तो हात कळला नाही. खाली पाहिलं तेव्हा दिसला, मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापू, तुम्ही पुढे बठा. तुम्हीच सोडा माले," ती म्हणाली.

बापू उखाच्या डाव्या हाताला बसले. गाडी प्रकाशा गावापर्यंत आली. पुलाच्या तोंडाशी पुढे ट्रक हळू झाला, गिअर खाली घ्यायला हवा होता. उखाचा पाय क्लचकडे गेला, तोच त्याला शेजारी दिसलं: बापूंचा डावा पाय उचलला गेला आणि क्लच दाबावा तसा समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. बापूंची नजर रस्त्यावर होती.

ट्रक पुढे गेला. पूल मोकळा झाला. उखाने घाई केली नाही. बापूंचा पाय पुन्हा उचलून पत्र्यावर पडेपर्यंत तो थांबला, आणि मगच त्याने क्लच दाबून वरचा गिअर टाकला.