पिवळी सायकल हिवाळाभर बंद

थंडीच्या दिवसांत जळगावात सकाळ एकदम होत नाही. आधी आकाशाच्या कडेला राखेसारखा फिका रंग येतो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो. मग उड्डाणपुलाच्या कठड्याची एक रेघ दिसू लागते. त्यानंतर चहाच्या गाडीवरची पालथी पातेली, रात्रभर उभ्या राहिलेल्या रिक्षांचे टप, कडुनिंबाची धुळकट पाने. उजेड प्रथम उंच गोष्टींना शिवतो आणि सावकाश खाली उतरतो. माझ्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचतो. चाकाच्या वरच्या आऱ्यांवर, मग घंटीच्या गंजलेल्या टोपीवर, मग सीटवर साचलेल्या दवावर तो पडतो. त्यात विशेष असे काही नाही. असा उजेड रोज येतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. मी पाहते, कारण कुणीतरी येऊन माझे कुलूप उघडेपर्यंत मला दुसरे काहीच करता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी सायकल आहे. मी सगळ्यांची आहे, आणि म्हणूनच कुणा एकाची नाही. लुधियानाच्या एका कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. जळगावच्या काही व्यापाऱ्यांनी मंडळ स्थापून मला आणि माझ्या बहिणींना इथे आणले आणि शहरात ठिकठिकाणी आमचे थांबे केले. माझ्यासमोर मोबाइल धरला की कुलूप उघडते. काम झाले की मला कुठल्याही थांब्यावर सोडावे, अशी रीत. पहिल्या दिवशी आम्हाला हार घातले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पुढे हार सुकले. कुणी माझी सीट ब्लेडने चिरली, कुणी पुढच्या टोपलीत गुटख्याच्या पुड्या टाकल्या. पण कुणीतरी रोज येत होते, आणि तेवढे मला पुरत होते.

भागाबाई पहाटेच्या एसटीने गावाहून येत. त्यांच्याकडे साधा मोबाइल होता, म्हणून थांब्यावरचा रखवालदार ललित आपल्या मोबाइलने त्यांना कुलूप उघडून देई. भरिताच्या वांग्यांची पाटी माझ्या कॅरिअरवर बांधून त्या बाजारात जात. ही वांगी थंडीतच भरतात आणि थंडीतच खपतात.

आणि चेलना येई. मंडळाचे अध्यक्ष अभयकुमार यांची ती मुलगी. वडिलांची डाळमिल, दारात मोटार; तरी कॉलेजचे शेवटचे वर्ष संपवलेली ही मुलगी उजाडता उजाडता माझ्याकडे येई, कारण तिला महासतीजींच्या मागे जायचे असे. जैन साध्वींना महासतीजी म्हणतात. त्या कुठल्याही वाहनावर बसत नाहीत. चातुर्मास संपला की त्या एका गावाहून दुसऱ्या गावी पायी निघतात, त्याला विहार म्हणतात. महामार्गावर ट्रक आणि कापसाने फुगलेले ट्रॅक्टर अंगावरून जातात, म्हणून काही तरुण त्यांच्या मागे राहून वाहनांना बाजूने जाण्याची खूण करतात. चेलना माझ्या हँडलला लाल फडके बांधून हे काम करी. मी अशा पावलांना सोबत करत होते, जी माझ्या पायडलवर कधीच पडणार नव्हती. याचा मला अभिमान वाटे आणि थोडे वाईटही वाटे.

प्रेमकुंवरजी महासतीजी वृद्ध होत्या. त्यांचा एक गुडघा दुखत असे. एकदा विसाव्याला थांबल्या असता त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चेलना, तुझी सायकल आमच्यापेक्षा जास्त दमलेली दिसते."

"तिला तेल हवंय, महासतीजी."

"आणि तुला काय हवंय?"

चेलना हसली. त्या दिवसापासून ती वारंवार खाली उतरू लागली आणि मला हाताने धरून चालू लागली. माझा वेग त्यांच्या पावलांशी जुळत नसेल, असे मी स्वतःला समजावले.

कार्तिक सरता सरता एका सकाळी दाट धुके पडले. धुक्यात महासतीजी बाहेर पडत नाहीत. धुक्याच्या पाण्यात अतिशय सूक्ष्म जीव असतात, त्यांना आपल्या चालण्याने इजा होऊ नये, असा त्यांचा नेम आहे. त्या स्थानकातच, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या धर्मस्थळीच, बसून राहिल्या. हे ठाऊक असूनही चेलना मला घेऊन स्थानकाकडे निघाली. समोरून ट्रॅक्टर आला, तो अगदी जवळ आल्यावरच दिसला. तिने मला बाजूच्या खडीत घातले आणि आम्ही दोघी पडलो. तिचे कोपर सोलले, माझे हँडल वाकले. ऊन वर आल्यावर धुके विरले आणि महासतीजी शांतपणे विहाराला निघाल्या.

अभयकुमार थांब्यावर धावत आले आणि त्यांनी माझे वाकलेले हँडल चाचपून पाहिले.

"ललित, सगळ्या सायकली माझ्या गोदामात टाक. माघ संपेपर्यंत बंद. थंडी, धुकं... कुणाच्या जिवावर बेतायला नको."

अशा रीतीने मी डाळीच्या पोत्यांमागे भिंतीला टेकले. शहरात यावर बरीच चर्चा झाली म्हणे. सुरक्षितता महत्त्वाची, असे काही लोक म्हणाले. गरजूंनी काय करावे, असे काहींनी विचारले. माझ्याभोवती तुरीच्या डाळीची धूळ साचत होती आणि मला कुणी काही विचारले नव्हते. विचारले असते तरी मी काय सांगणार होते? बंद करणाऱ्याच्या मनात माया होती, हे मी पाहिले होते.

काही दिवसांनी भागाबाई पाटी घेऊन थेट गोदामातच आल्या. अभयकुमार तिथेच उभे होते.

"भाऊ, थंडी आमले लागस. सायकलले लागस का?"

ललित म्हणाला, "अक्का, पाटी डोक्यावर घ्या. ऊब येईल."

"तुना डोकावर ठेवू का? रिकामंच शे ते." मग त्या पुन्हा अभयकुमारांकडे वळल्या. "आठ दिन व्हयनात, भाऊ. धुकं कोठे शे? दखाडा मले."

दाराबाहेर लख्ख ऊन पडले होते. अभयकुमारांनी तिकडे पाहिले आणि मान फिरवली. "पडेल," ते म्हणाले. "सांगून का पडतं धुकं?"

भागाबाई पाटी डोक्यावर घेऊन निघून गेल्या. मीही मनाशी म्हणाले, पडेल, उद्या नक्की पडेल. धुके पडायलाच हवे होते. नाहीतर मी इथे का होते, हा प्रश्न उरला असता.

पुढे एका सकाळी ललित धावत आला. "भाऊ, आसपासची गावं करून महासतीजी आता धुळ्याकडे निघाल्या. चेलनाताई त्यांच्यासोबत पायी गेल्या."

"पायी? कुठपर्यंत?"

"आधी एरंडोल म्हणाल्या, मग पारोळा. धुळ्यापर्यंत जायचं म्हणत होत्या."

अभयकुमार पोत्यावर बसले. "तिच्या मनात दीक्षा घेऊन साध्वी व्हायचं आहे, ललित," ते म्हणाले. "घरी बोलली होती. मला वाटलं, थोडे दिवस तो रस्ता सुटला तर मन परत येईल." मग घाईने म्हणाले, "सायकल नव्हती म्हणूनच चालत गेली ना? सायकल असती तर दुपारी घरी आली असती. उद्याच सगळ्या बाहेर काढ. हिचं हँडल आधी सरळ कर."

मला त्यांचे म्हणणे मनापासून पटले. सायकल असती तर ती परत आली असती. हँडल सरळ होताना मी हेच घोकत होते.

आम्ही ऐन पौषात पुन्हा थांब्यावर उभ्या राहिलो. भागाबाईंनी पुन्हा पाटी बांधली. आणि एके दिवशी चेलना आली. दीक्षेसाठी आईवडिलांची आज्ञा लागते, ती मागायला ती घरी आली होती. वडीलच तिला माझ्याकडे घेऊन आले. त्यांनी स्वतःच्या मोबाइलने माझे कुलूप उघडले.

"बघ, सुरू केल्या. बैस. एक चक्कर मारून ये."

चेलनाच्या पायांना भेगा पडल्या होत्या. तिने माझ्या घंटीवर हात ठेवला. "चांगलं केलंत, पप्पा. भागाअक्कांना लागते ती. आता थंडी म्हणून बंद नका करू."

"आणि तू?"

"मी चालते. तुम्ही येता का थोडं बरोबर?"

अभयकुमार मला धरून उभे राहिले. मग त्यांनी मला स्टँडवर लावले आणि ते तिच्या मागोमाग चालू लागले. माझे कुलूप उघडेच राहिले होते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. धुके पडले असेल त्या सकाळी सायकल बाहेर काढू नका. ते विरले की काढा. पण ऋतूचे नाव सांगून सबंध हिवाळा आम्हाला कोंडू नका. आमच्या साखळीला तेल घाला, आमच्या टोपलीत कचरा टाकू नका. आणि ज्याला जपायचे आहे, त्याच्याशी बोला. आमच्या कुलपाआडून बोलू नका. आम्हाला कुणाला नेता येते, कुणाला थांबवता येत नाही.

माघात धुळ्याला चेलनाची दीक्षा झाली. तिला निरोप द्यायला पुष्कळ माणसे गेली. मी थांब्यावर होते. धुके पडले, सायकली बंद झाल्या आणि म्हणून ती चालत गेली, असे मी इतके दिवस सांगत आले.

चेलनाला चालायचेच होते.