कानबाईची नथ आणि पितळी वाट्या

निंबा मिस्त्रीला स्वतःबद्दल शंका म्हणून कधी येत नसे. एरंडोलच्या बसस्टँडसमोर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ बिघडला तर इकडे आणा आणि नवरा बिघडला तर दुसरीकडे न्या, असं तो गिऱ्हाईक बायांना तोंडावर सांगायचा आणि बायाही हसून घ्यायच्या. माणूस बढाईखोर, पण हाताचा पक्का. सत्त्याऐंशी साली घरोघरी टीव्ही येऊ लागले, रेडिओ कोनाड्यात गेले, तेव्हा दुसरा कोणी हात चोळत बसला असता. निंबानं मोडक्या ट्रान्झिस्टरांची आतडी काढून धातू शोधायचं यंत्र बनवलं.

यंत्र म्हणजे काय, तर एक लाकडी काठी, तिच्या टोकाला ताटाएवढं तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर एक डबी आणि कानाला हेडफोन. वेटोळं जमिनीवरून फिरवायचं. कानात एक सूर सारखा चालू असतो. खाली लोखंड किंवा काळी रेती आली की तो जड होतो, सोनं-तांबं-पितळ आलं की बारीक होतो. शेतात तुटून पडलेली वखराची लोखंडी पास म्हणू नका, बांधावर हरवलेलं जोडवं म्हणू नका, निंबानं बऱ्याच वस्तू वर काढल्या होत्या. शिवारात शांतता असते, तिथं सगळं जमून जायचं.

फजिती झाली ती गावात. एका जिनिंगवाल्यानं हायवेच्या कडेला गाडलेली पाइपलाइन शोधायला त्याला बोलावलं. तिथं कापसाच्या गाठींचे ट्रक, एसटीचे हॉर्न, रसवंतीच्या घुंगरांची छुमछुम. जुन्या टेलिफोनचे ते पातळ हेडफोन कानावर ठेवून निंबा दुपारभर भटकला आणि त्याला ट्रकांशिवाय काही ऐकू आलं नाही. शेवटी मजुरांनी चर खणून पाइप काढला, तो निंबा जिथं उभा होता त्याच्याच पायाखाली. चहावाला भिकन म्हणाला, "मिस्त्री, पाइप सापडला, आता तुमचे कान शोधू या." सगळा स्टँड हसला.

निंबाला ते झोंबलं. पण त्यातही माणूस काय म्हणाला, तर यंत्रात खोट नाही, कानात बाहेरचा आवाज शिरतो, तेवढा बंद केला की झालं.

आता आमच्या खानदेशी माणसाला कुठंही फट दिसली की तो तिथं कापूस कोंबतो. गादीत कापूस, जखमेवर कापूस, अत्तराचा बोळा कापसाचा, मेलेल्याच्या नाकातही कापूसच. निंबानंही तेच केलं. हेडफोनच्या कपात सरकी काढलेला चांगला लांब धाग्याचा कापूस ठासून भरला, वरून कापडाच्या गाद्या शिवल्या. कान उबदार झाले. ट्रकचा हॉर्न मात्र जसा होता तसाच आत आला. त्यानं आणखी भरला. हेडफोन फुगून कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसायला लागले आणि भिकनला महिनाभराचा विषय मिळाला.

एकदा दुकानात बसल्या बसल्या वैतागून त्यानं दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. स्टँड गप्प झाला. एक बोट जरा उचललं, तर एसटी थेट डोक्यात शिरली. आवाजाला फट लागते, हे त्याला तेव्हा समजलं. कापूस कितीही भरा, कप आणि कान यांच्यामध्ये केसाएवढी वाट राहिली तरी तो पाण्यासारखा झिरपणार. शिवाय कप हलका, तो स्वतःच थरथरतो. कप जड हवा आणि कानाभोवती कड अशी बसायला हवी की हवासुद्धा जाऊ नये.

मग त्यानं घरातल्या दोन पितळी वाट्या उचलल्या. बायको भिकुबाई म्हणाली, "त्या माझ्या आंदणातल्या आहेत." निंबा म्हणाला, "मग बघ, तुझ्या बापाचं नाव जिल्ह्यात होईल." वाट्या घुमू नयेत म्हणून त्यानं आतून डांबराचा थर दिला. त्यावर जाड लोकरी नमद्याची चकती, तिच्यात हेडफोनची टिकली. कडेला सायकलच्या ट्यूबचं कडं, आणि कड्यात औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन भरून तोंड चिकटवून टाकलं. ग्लिसरीन जागचं हलतं, हाडाच्या खाचेत स्वतःहून बसतं. दोन्ही वाट्या डोक्यावरून जोडायला कापसाच्या गाठीची पोलादी पट्टी वाकवली. ती अशी आवळायची की डोळे बारीक होत. भिकुबाईनं मागं उभं राहून ताट वाजवलं, तरी निंबानं मान वळवली नाही. हेडफोन काढल्यावर तो म्हणाला, "बघ, तुझा एक शब्द ऐकू आला नाही."

"त्याला वाट्या कशाला लागत होत्या," भिकुबाई म्हणाली.

श्रावण आला, कानबाई बसली. रविवारी नारळाला देवीचं रूप देऊन नथ, बांगड्या, पोत घालायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत अंजनी नदीवर न्यायची. शेजारच्या द्रौपदाबाईच्या घरी त्या साली भाऊबंदकीची कानबाई होती. त्या भाऊबंदकीत देवीची एकच जुनी सोन्याची नथ. ज्या घरी कानबाई, त्या घरी नथ. सोमवारी रोट खाऊन झाले की सगळ्यांसमोर ती पुढच्या घरच्या बाईच्या ओंजळीत द्यायची. यंदा पुढचं घर होतं द्रौपदाबाईच्या थोरल्या जावेचं, नर्मदाबाईचं.

आणि सोमवारी नदीवरून आल्यावर दागिने मोजले, तर नथ नाही.

देवीचे दागिने उतरवायचा मान नव्या सुनेचा. द्रौपदाबाईची सून लता, लग्न होऊन अजून वर्षही झालेलं नव्हतं, तिनंच ते उतरवले होते. घरात ओटीपासून माजघरापर्यंत सगळं पालथं घातलं. मग नर्मदाबाई दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिचा भाऊ पहाटेच्या गाडीनं आला होता. नदीवर होता, तिथूनच परस्पर गेला. मी काही म्हणत नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. काही म्हणत नाही म्हणणारी बाई जेवढं म्हणते तेवढं भांडणारी म्हणत नाही.

लता कुंपणाशी आली तेव्हा निंबा ओट्यावर पॉलिश करत बसला होता, वाट्यांना. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "भाऊ," ती म्हणाली, "मी नथ लिधी नही. मना भाऊनी बी लिधी नही. तुमना यंत्रनी दखाडा."

"चल नदीवर," निंबा म्हणाला. त्याला त्या पोरीचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. असं काम चालून आलं होतं.

नदीवर जत्रा होती. घरोघरच्या कानबाया येत होत्या, काठावर बँड, मध्ये फुगड्या, गुलाल. नथ उतरवली ती जागा लतानं दाखवली. द्रौपदाबाई आली, नर्मदाबाई आली, भाऊबंद आले आणि चहाची केटली घेऊन भिकनही आला. निंबानं वाट्या कानांवर चढवल्या. एका क्षणात सगळं गाव मुकं झालं. बँडवाल्याचे गाल फुगत होते, हात हलत होते, आवाज नाही. राहिला फक्त कानातला तो एक सूर, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा स्पष्ट.

त्यानं वेटोळं फिरवायला सुरुवात केली. सूर बारीक झाला, वाळूतून दहा पैशाचं नाणं निघालं. पुन्हा बारीक झाला, पुन्हा नाणं. देवीला लोक पैसे टाकतात, वाळू नाण्यांनी भरली होती. कुठं रेतीचा काळा पट्टा आला की सूर जड होई. एके ठिकाणी इतका नाजूक फरक पडला की हायवेवर तो जन्मात कळला नसता, आणि तिथून एका पोराच्या कमरेच्या करदोट्याचा चांदीचा मणी निघाला. निंबानं सगळा काठ हात-हात करून तपासला. मग हेडफोन काढले.

"नथ आठे नही शे," तो म्हणाला.

भिकन म्हणाला, "म्हणजे परत नाही सापडली."

"नाही सापडली असं नाही. इथं नाही. तांदळाएवढा मणी मला ऐकू आला, नथ काय मुकी आहे का? इथं असती तर मी सोडली नसती."

नर्मदाबाईनं पदर सावरला. "घ्या. मिस्त्रीच सांगतो की नदीत पडली नाही. मग गेली कुठं, ते आता सगळ्यांना समजलं."

लताचा चेहरा उतरला. यंत्र तिच्या बाजूनं बोलेल म्हणून ती आली होती आणि ते उलटं बोललं. निंबाला ते दिसलं, पण त्यानं शब्द मागं घेतला नाही. नाही म्हणजे नाही. त्यानं तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "नथ कशावर उतरवली?"

"पाटावर. नथ, बांगड्या, पोत, बठ्ठं पाटवर ठेवं. मग सासूबाईनी ते पदरमा बांधं."

"आणि पाट?"

"पाटवर वाळू भरी," लता म्हणाली आणि थांबली.

द्रौपदाबाईही थांबली. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की देवी बोळवली की तिच्या पाटावर नदीची ओली वाळू भरून घरी आणायची आणि भाऊबंदांत घराघराला मूठ-मूठ वाटायची. पिवळ्या फडक्यात पुरचुंडी बांधून ती धान्याच्या कणगीत टाकायची. वर्षभर गाठ सोडायची नाही. गाठ सुटली की घराची बरकत सुटली. म्हणूनच सकाळपासून सगळ्यांनी घर झाडलं, पण पुरचुंड्यांकडे कोणी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं?

"सोडायची गरज नाही," निंबा म्हणाला. "सगळ्या पुरचुंड्या घेऊन या. मी बाहेरून ऐकतो."

द्रौपदाबाईच्या ओट्यावर लाकडी पाट मांडले, त्यांवर पिवळ्या पुरचुंड्या ओळीनं ठेवल्या. बायांना त्यानं पाटल्या-तोरड्यांसकट चार हात लांब उभं केलं. गल्लीतून दुसऱ्या घरची कानबाई चालली होती, बँड ऐन रंगात, ओट्याची फरशी हादरत होती. निंबानं वाट्या चढवल्या आणि वेटोळं पहिल्या पुरचुंडीवरून नेलं. सूर जरासा जड, नुसती रेती. दुसरी, तशीच. द्रौपदाबाईच्या घरची, तशीच. तो घाई करत नव्हता. आणि मग एका पुरचुंडीवर सूर केसाएवढा बारीक होऊन वर चढला. त्यानं वेटोळं मागं घेतलं, सूर उतरला. पुन्हा नेलं, चढला.

त्यानं वाट्या कानांवरून सरकवून विचारलं, "ही कोणाची?"

 सगळे नर्मदाबाईकडे बघत होते.

"मनी शे," ती म्हणाली. "पण मी सोडू देणार नाही. ह्याच्या कानात काय वाजतं ते कोणाला माहीत? शेजारधर्म म्हणून उद्या काहीही सांगेल."

बरोबर होतं तिचं, तिच्या जागी निंबा असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं. तो हेडफोन घेऊन तिच्यासमोर गेला. "माझं ऐकू नका, अक्का. तुम्ही ऐका."

तिनं पदर मागं सारला. वाट्या कानांवर बसल्या तशी ती दचकली आणि गल्लीकडे बघू लागली. बँड समोर होता, तिच्यासाठी तो वाजत नव्हता. निंबानं एकेका पुरचुंडीवरून वेटोळं नेलं. शेवटी तिच्या पुरचुंडीवर आणलं, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं हातानं खूण केली, पुन्हा. त्यानं पुन्हा नेलं. मग तिनंच हेडफोन उतरवले, पाटाशी बसली आणि म्हणाली, "गाठ मनी शे. मीच सोडसू."

गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली. वाळू तळहातावर ओतली आणि मधोमध नथ, मोती वाळूनं माखलेले, सोनं तसंच. द्रौपदाबाईनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. बिचारीनं सकाळपासून सुनेला नथेबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि ते न विचारणंच तिला जड गेलं होतं.

नर्मदाबाईनं नथ धुऊन लताच्या हातात दिली. "रीत पुरी कर," ती म्हणाली. "पुढचं घर माझं आहे. तुझ्या हातून घेईन." हेही काही थोडं नव्हतं, मानी बाई होती.

लतानं नथ मुठीत धरली, पण हात पुढं केला नाही. "आधी मना भाऊनं नाव मोकळं करा."

नर्मदाबाई खाली बघून काहीतरी पुटपुटली.

"बँड वाजी ऱ्हायना," लता म्हणाली. "कोणले ऐकू गयं नही. सकाळी बठ्ठी गल्लीनी ऐकं व्हतं."

निंबा ओट्यावरून उतरला, गर्दीत शिरला आणि त्यानं बँडवाल्याच्या ढोलावर सरळ हात ठेवला. गल्ली गप्प झाली. कानबाई डोक्यावर घेतलेली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

नर्मदाबाई ओट्याच्या काठावर आली. तिनं मोठ्यानं, सकाळच्याच आवाजात सांगितलं, "लतानी नथ घेतली नाही. तिच्या भावानीही घेतली नाही. नथ माझ्या घरात होती, आणि मी खोटं बोलले."

मग लतानं नथ तिच्या ओंजळीत ठेवली.