लिंबाखालची सतरंजी

मुखवट्याकडे नेलेले हात तुळजाबाईनं दुसऱ्यांदा मागे घेतले आणि पदराला पुसल्यासारखे केले. हात कोरडेच होते.

"घे की गं," शेजारची मीना आरतीचं ताट सावरत म्हणाली. "दिवस मावळून राह्यला. लक्ष्म्यांना काय दारातच ठेवती का?"

तुळशीपाशी पाटावर महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे मांडलेले होते. नथी घातलेल्या, मळवट भरलेला. तिथून थेट देवघरापर्यंत मीनानं हळदीकुंकवाची पावलं काढली होती. दारात भुजंगराव थाळी आणि पळी घेऊन तयारीत उभे. आता घरच्या बाईनं मुखवटा उचलायचा, पावलांवरून आत न्यायचा आणि थाळीच्या गजरात बसवायचा. इतकं साधं काम. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुळजाबाईनं ते एकदाही चुकवलेलं नव्हतं.

यंदा तिला चुकवायचं होतं. कंबर धरल्याचं नाटक तिनं कालपासूनच सुरू केलं होतं. "यंदा तू घे लक्ष्म्या," असं सुनेला सांगायचं तिनं मनाशी ठरवलंही होतं. पण सकाळी चहाची कपबशी खाली ठेवत तृप्ती म्हणाली, "आत्याबाई, मला अडचण आली," आणि सतरंजी घेऊन अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. झालं! सगळं मुसळ केरात.

तृप्ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. एरवी वर्षभर या घरात कोण कधी अडचणीत असतं याची कुणी चौकशीसुद्धा करत नसे. पण महालक्ष्म्यांचे तीन दिवस म्हणजे तुळजाबाईचं राज्य. सोवळं म्हणजे सोवळं. अडचणीतल्या बाईनं लिंबाखाली बसायचं, शिवाशिव करायची नाही, हा नियम तिनंच घातलेला आणि डोळ्यांत तेल घालून पाळलेला.

केवढं सोपं बोलून गेली पोर! तुळजाबाईला तिचा हेवा वाटला. कारण सकाळी न्हाणीत तिला स्वतःलाही पुन्हा रक्ताचा डाग दिसला होता, आणि तिची पाळी जाऊन वर्षं लोटली होती. नातवंडं अंगाखांद्यावर खेळवायच्या वयात हे कोणाला सांगायचं? आणि कोणत्या तोंडानं?

पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं मनाची समजूत घातली, उष्णता असेल. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा तिनं जुनं लुगडं फाडून घड्या केल्या आणि धान्याच्या कोठीमागे लपवल्या. मग आषाढात आरोग्य केंद्रातली वंदना सिस्टर गल्लीतल्या बायांना गोळा करून बोलली. "पाळी गेल्यावर परत एक थेंब जरी दिसला तरी दाखवायला यायचं," ती म्हणाली. "ज्यांना साखर हाय, वजन जास्त हाय, त्यांनी तर बिलकुल थांबायचं न्हाई. पिशवीचा कॅन्सर असाच सुरू होतो. जल्दी आल्या तर पिशवी काढून बाई घरी येती. उशिरा आल्या तर आमच्या हातात काही राहत न्हाई." साखरेची गोळी रोज घेणारी, जिना चढताना धाप लागणारी तुळजाबाई तेव्हा बायांच्या मधोमध बसली होती. उठताना तिला मीनाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

पिशवी काढून घरी येती म्हणे. तिची थोरली बहीण तारा कुठं आली होती घरी? कुंभार पिंपळगावहून तिला गाडीत घालून नेलं, पोट उघडलं, तसंच शिवलं, आणि महिन्याभरात सगळं संपलं. तारानं दोन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं, हे तुळजाबाईला ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं ते वेगळंच. चाकू लागला, म्हणून तारा गेली. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की ती काहीतरी कारण काढून टाळायची.

"तुळजे, अगं घे ना," मीना पुन्हा म्हणाली.

तिनं तिसऱ्यांदा हात पुढे केले. कोणाला काय कळणार आहे? उचलायचं, आत ठेवायचं, मोकळं व्हायचं. ती वाकली, आणि वाकताना आतून काहीतरी गरम उतरलं.

मुखवट्याचे काळे डोळे तिच्याकडे रोखलेले होते. दवाखान्याची भीती एका बाजूला आणि ही लक्ष्मी दुसऱ्या बाजूला. सिस्टरला फसवता येईल, नवऱ्याला येईल, सुनेला येईल. हिला कसं फसवायचं? उद्या घरावर काही आलं, नातवंडांना काही झालं, तर कोणाकडे बघायचं?

"मीने, तू घे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मी? तुझ्या घरच्या लक्ष्म्या मी कशी घेऊ?"

"घे म्हणते ना."

आणि ती वळली. अंगण ओलांडून लिंबाकडे चालू लागली. तृप्ती मोबाईल बाजूला ठेवून तिच्याकडे बघत होती. सासू अगदी जवळ आली तशी ती घाईघाईनं मागे सरकली.

"आत्याबाई, शिवाल मला. काय पाहिजे ते तिथूनच सांगा."

तुळजाबाई सतरंजीवर टेकली. अगदी सुनेच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून.

तृप्ती गोंधळली. "अहो, आता परत अंघोळ करावी लागंल तुम्हाला..." बोलता बोलता ती थांबली. तिनं सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं, पाटावरच्या मुखवट्यांकडे बघितलं, आणि पुन्हा सासूकडे. हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरला. त्या दिवशी वंदना सिस्टरच्या बैठकीला तीही होती.

"कवापासून?" तिनं अगदी हळू विचारलं.

"हरभरा निघाला तवापासून."

तृप्तीनं मनात महिने मोजले असावेत. पण ती रागावली नाही. तिनं सासूचा हात दोन्ही हातांत घेतला.

"ते चिरतील का गं मला? ताराला चिरलं तसं?"

"मला माहीत न्हाई, आत्याबाई. खरंच माहीत न्हाई. पण मावशी लई उशिरा गेल्त्या."

तिकडून भुजंगरावांनी हाक मारली. "अगं, वेळ टळून चालली! तू तिथं काय करून राह्यली?"

मीना मुखवट्याशेजारी तशीच उभी होती, न उचलता. तृप्ती सासऱ्यांना काहीतरी उत्तर द्यायला उठू लागली. तुळजाबाईनं तिला खाली ओढलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज थेट दारापर्यंत पोचला.

"लक्ष्म्या मीनाला घेऊ द्या. मी अडचणीत हाय."

भुजंगराव आधी हसल्यासारखे झाले. मग त्यांच्या हातातली पळी थाळीवर तशीच टेकून राहिली.

"आन उद्या सकाळी जीप सांगा," तुळजाबाई म्हणाली, "मला जालन्याला दाखवायचंय."

"उद्या?" ते म्हणाले. "उद्या तर लक्ष्म्यांचं जेवण हाय."

"हाय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.