चार जागांची बोट

रविवार उजाडला की तिच्या पायांना चाकं लागायची. ती घरभर फिरायची, गॅस बंद आहे ना हे पुन्हा पुन्हा बघायची, घडी घातलेले कपडे उलगडून परत घडी घालायची. आई म्हणायची, "अगं, टेक जरा. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते." पण ती टेकायची ती थेट संध्याकाळी, खिडकीजवळच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडून. पडद्यावर राखाडी पाण्याचं एक बंदर यायचं आणि त्यात एक ठेंगणी, काळ्या धुराड्याची बोट. तिची पहिली नजर सुकाणूकडे जायची. तिथला दिवा हिरवा असला म्हणजे दादा आलेला असायचा.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. चार वर्षं झाली, या खेळाबाहेर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

खेळाचं नावच होतं 'बंदर'. त्यात गोळीबार नाही, नाच नाही, कुणी कुणाला मारत नाही. चौघांनी मिळून एक टग चालवायची, म्हणजे मोठाल्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढत आणणारी बोट. एकाने सुकाणू धरायचं, एकाने इंजिन सांभाळायचं, एकाने दोर सोडायचा-आवळायचा, आणि एकाने पुढच्या टोकाला उभं राहून समोर काय आहे ते सांगायचं. चारही जागा भरल्याशिवाय बोट जागची हलत नाही. ज्या गृहस्थाने हा खेळ बनवला तो या एका नियमाबद्दल फार हट्टी होता. तिघांत भागतं असं कळलं तर लोक तिघंच येतील, असं त्याचं म्हणणं.

दादानेच तिला या खेळात आणलं होतं, सगळं नीट होतं तेव्हा. मग वडील आजारी पडले. ऑपरेशन करायचं की नाही हे तिथल्या तिथे ठरवायचं होतं आणि दादा प्रवासात होता. तिने सही केली. वडील परत आले नाहीत. फोनवर तिने दादाला सगळं सांगितलं: रक्तदाब किती होता, डॉक्टर काय म्हणाले, थांबलो असतो तर काय झालं असतं. एकेक कारण, क्रमाने. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. त्या 'बरं'वर सगळं थांबलं. आईला तो फोन करायचा, पण ही कामावर असताना. "तुम्हा दोघांच्या मध्ये मी टपालपेटी होऊन बसलेय," आई म्हणायची, "पण कुणी टपाल टाकेल तर शपथ."

अशातच एका रविवारी तिने सवयीने बंदर उघडलं, तर सुकाणूचा दिवा हिरवा. दोघांनाही ठाऊक होतं समोर कोण आहे. कुणी काही म्हटलं नाही. बाहेर जहाज खोळंबलं होतं, ते आत आणलं. "दोर सैल," तो म्हणाला. "दोर सैल केला," ती म्हणाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आठवड्याला एवढ्यावर भागवायला ती शिकली.

बाकीच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. इंजिनवर बसगाड्या दुरुस्त करणारे एक काका, आणि टेहळणीवर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. दोघांनाही तिने कधी पाहिलं नव्हतं, पण काकांचा खोकला आणि बाईंचं तुटक "डावी", "उजवी" तिला घरच्यासारखं ओळखीचं झालं होतं.

आणि मग सगळेच खेळायचे तो दुसरा, मोठा खेळ आला. तसा तो आधीपासून होताच. ती ज्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची तिथेही जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यातच माना घालून बसायचे. पण त्या वर्षी त्याने हातपाय पसरले. दर थोड्या दिवसांनी त्यात नवं काहीतरी यायचं: आज मोटारींची शर्यत, उद्या घरं बांधणं. एका हंगामात त्याने बंदरही आणलं. तिथल्या टग झगमगीत, एकट्याने चालवायच्या आणि धडकल्या की फुटणाऱ्या. इकडची निम्मी माणसं "बघून येतो" म्हणून गेली ती गेलीच.

गर्दी ओसरते कशी हे तिने मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं. एक माणूस गेला की उरलेल्यांना चौघं जमायला थोडं जास्त थांबावं लागतं. थांबून कंटाळलेला दुसरा जातो. मग तिसऱ्याला आणखी थांबावं लागतं. खेळ बुडवायचा कुणालाच नसतो, तरी तो बुडतो. जिथे संध्याकाळी टगांच्या रांगा लागायच्या तिथे आता पाण्यावर नुसत्या लाटा हलायच्या.

काका गेले तेव्हा म्हणाले, सोडत नाही गं, जरा डोकावून येतो, आमचं सगळं गॅरेज तिकडे आहे. बाईंनी त्याच आठवड्यात निरोप धाडला. त्यांच्या दोन्ही मुली मोठ्या खेळात होत्या. घरात त्या आईशी धड बोलत नसत, तिकडे निदान "आई, मागे बघ" एवढं तरी म्हणत. बाईंना बोल लावायला तिची जीभ रेटेना.

आता राहिले दोघं. दोघांत बोट हलणार नाही, आणि बोट हलली नाही तर दादा कशाला येईल? तो आठवडा तिने कसाबसा काढला. मेणात दात वाकडे बसवले म्हणून एक अख्खी कवळी पुन्हा करावी लागली.

रविवारी, चौथं कुणीतरी सापडेल या आशेवर, तिने आईला टेहळणीला बसवलं. आईचाच फोन तिच्या हातात दिला, समोर काही दिसलं की फक्त सांगायचं, असं बजावलं. बोट अजून बांधलेलीच होती, दादा यायचा होता, म्हणून सराव म्हणून तिने विचारलं, समोर काय आहे. आई कौतुकाने म्हणाली, "पांढरा पक्षी आहे. किती सुरेख उडतोय गं." त्याच्या खाली हातभर अंतरावर खडक होता, तो आईच्या खिजगणतीतही नव्हता. तिने मुकाट्याने फोन काढून घेतला, 'टिटवी' या नावाने स्वतःच आत शिरली आणि फोन लॅपटॉपला टेकवून उभा केला. एका हाताने दोर, दुसऱ्या हाताने टेहळणी. टिटवीला आवाज द्यायची सोय नव्हती, म्हणून टिटवी लिहून बोलणार.

दादा आला. आणि नवल म्हणजे इंजिनचा दिवाही हिरवा झाला. 'वंगण' नावाचं कुणीतरी नवीन होतं. तेही बोलत नव्हतं, पण काम चोख.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती शीळ घालत होती. शेजारच्या चाकावर बसणारी पॉलिशवाली तिला नेहमी मोठ्या खेळात ओढायची. म्हणायची, ये की तिकडे, त्या तुमच्या बंदरात आता भुतं तरी उरलीत का? आज तिने मान वर करून उत्तर दिलं, "आमच्याकडे नवीन माणूस आलाय." पॉलिशवाली म्हणाली, "बघ हं, चुकून आला असेल. रस्ता विचारायला."

कवळी पुरी झाली की एक परीक्षा असते. वरचा आणि खालचा जबडा मिटला की सगळे दात एकदम टेकायला हवेत. ते बघायला मध्ये निळा कागद धरतात. जो दात आधी टेकतो त्याच्यावर डाग उठतो. वर्षानुवर्षं हे केल्याने तिची नजर अशीच झाली होती: दोन गोष्टी एकत्र हलल्या की आधी कोण, हे तिला आपोआप दिसायचं.

तसंच ते दिसलं. वंगणाने इंजिन मंद केलं की तेवढा वेळ सुकाणू थिजायचं. सुकाणू फिरलं की इंजिन गप्प. पहिल्यांदा तिला योगायोग वाटला. मग टिटवीकडून तिने मुद्दाम लिहिलं, "डावीकडे घ्या आणि इंजिनही वाढवा, कारण उजवीकडे गाळ आहे." आधी सुकाणू वळलं. मग एक हात तिकडून इकडे यायला लागेल तेवढा वेळ गेला. मग इंजिन वाढलं.

नवीन माणूस वगैरे कुणी आलंच नव्हतं.

पहिल्यांदा तिचा धीरच खचला. एवढ्या मोठ्या बंदरात दोघंच, आणि दोघंही सोंगं घेऊन. नंतर उशिरा, भांडी पुसताना, तिच्या लक्षात आलं की वंगण तिच्यासाठी आलं होतं. बोट हलावी म्हणून दादाही दोन हातांनी दोन जागा धरून बसत होता. त्या विचाराने तिचं मन भरून आलं, पण लगेच दुसरा विचार आला. टिटवी खरी आहे, कुणीतरी अजून इथे येतं, असं तो समजत असेल. खरं कळलं तर म्हणेल, मग कशाला हा खटाटोप? तेव्हा तिने मिठाची गुळणी धरली. दोघंही कितीतरी रविवार चौघं होऊन बोट चालवत राहिले.

अडचण आली ती एका लांबलचक मालवाहू जहाजाने. वारा आडवा होता आणि धक्क्याची जागा अरुंद. अशा वेळी चारही जागांवर एकाच क्षणी काम पडतं. त्या दिवशी बंदरात दुसरी टगही नव्हती. तिने दोर आवळला, तोवर टिटवीचं लिहायचं राहिलं. लिहायला गेली तर दोर सुटू लागला. तिकडे सुकाणू वळत होतं तर इंजिन भलतीकडे ओढत होतं. जहाजाचं नाक धक्क्याच्या कोपऱ्याकडे सरकत होतं. "डावीकडे घ्या, कारण" एवढंच टिटवीचं लिहून झालं आणि पुढे काय लिहायचं तेच तिला सुचेना.

"मुंगे," दादा म्हणाला.

ती लहानपणी बारीकसारीक गोष्टी वेचत फिरायची म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. चार वर्षांत ते कुणी घेतलं नव्हतं.

"टिटवीला खाली ठेव. दोर दोन्ही हातांनी धर. मी वंगण बंद करतोय."

तिने फोन पालथा ठेवला. इंजिनचा आवाज थांबला. आता जहाज नुसतं आधीच्या वेगाने सरकत होतं. तो सुकाणू धरून होता, ती दोर. "सैल," तो म्हणाला. "सैल केला." "अजून." "केला." जहाज धक्क्याला घासत, कुरकुरत गेलं आणि थांबलं. पडद्यावर लाल अक्षरांत दंड आला. तो कुणी वाचला नाही.

तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. टेहळणीवर उभं राहून कारणं कोण देतं? बाई नुसतं 'डावी' म्हणायच्या."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू टिटवीला परत आणलं असतंस?"

तिला हसू आलं. ती म्हणाली, "मी तिला आणलं, कारण..."

"कारण नको, मुंगे," तो म्हणाला. "तेव्हाही नको होतं."

पंख्याचा आवाज तिला एकदम मोठा वाटला. मागे आई कपाटाशी काहीतरी आवरत होती, तिचा हात थांबला होता. इकडे हिच्या जिभेवर सगळं तयार होतं: रक्तदाब, डॉक्टर, वेळ. इतकी वर्षं तिने ते घासूनपुसून ठेवलं होतं, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तिने ते गिळलं.

"तुला विचारायला हवं होतं," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. इतकं लहान वाक्य बोलायची तिला सवय नव्हती.

सुकाणूचा दिवा हिरवाच होता. तो विझतोय की काय म्हणून ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली.

"हं," दादा म्हणाला. त्याने नाक ओढलं की माइकजवळ काही सरकवलं, तिला कळलं नाही. मग म्हणाला, "बाहेर अजून एक जहाज थांबलंय. टेहळणी रिकामी दिसतेय."

ती खुर्चीवरून अर्धी उठली, बसली, पुन्हा उठली. मग मागे वळून म्हणाली, "आई, जरा इथे बसतेस का?"

आईने पदराने डोळे पुसले, मग तेवढ्यात चष्माही पुसून घेतला. "मला परत पक्षीच दिसणार, आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली आणि फोन हातात घेऊन बसली.

चारही दिवे हिरवे झाले. दादाने इंजिन सुरू केलं आणि बोट रिकाम्या बंदरातून बाहेरच्या जहाजाकडे निघाली.

"टेहळणी," तो म्हणाला, "समोर काय आहे?"

"तोच पांढरा पक्षी."

"आई, पक्षी राहू दे. त्याच्या खाली काय आहे?"

"खाली?" आई पडद्यावर वाकली. "खाली काहीतरी काळं आहे, मोठं. तिकडे जाऊ नका तुम्ही दोघं."